टाळेबंदीत घरच्या घरी युद्धातील वीरांचे स्मरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती वाढत १९ जुलैपर्यंत गेली. प्रतिबंधित क्षेत्रांतली दारे त्यानंतरही बंदच होती, आणि २६ जुलैला कारगिल विजय दिवस येत होता. महिनाभरापूर्वीच, १५ जूनच्या रात्री, गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान पडले होते. दरवर्षी कुठल्यातरी स्मारकावर जाऊन फूल वाहणारी माणसे त्या वर्षी घरात अडकून पडली होती आणि घरात बसून काय करावे हे त्यांना सुचत नव्हते. माझे धाकटे मामा १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर पडले आणि नौपाड्यातल्या आमच्या घरात त्यांचा दिवस मी लहान असल्यापासून पाळला जातो. त्यामुळे आधी सोसायटीतल्या लोकांनी, मग त्यांच्या ऐरोली, नेरूळ, कळव्याच्या नातलगांनी मला प्रश्न पाठवायला सुरुवात केली. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मधल्या काळात जे नियम बदलले ते दुरुस्त केले आहेत, कारण अंथरुणाला खिळलेल्या, किंवा प्रवास न झेपणाऱ्या माणसांच्या घरून हेच प्रश्न आजही येतात.

१. घरच्या घरी स्मरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आमच्या घरी सारे पंधरा मिनिटांत आटोपते. एका स्वच्छ पाटावर किंवा छोट्या टेबलावर फोटो ठेवतो, एक पणती लावतो आणि घरातली सर्व माणसे उभी राहतात. मग एकजण गेलेल्या माणसाचे पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, गाव, आणि तो कुठे आणि कोणत्या तारखेला पडला हे मोठ्याने वाचतो. त्यानंतर त्या माणसाविषयी एकच गोष्ट सांगायची असते, आणि ती शक्यतो युद्धाबाहेरची असावी, असा आमच्या आजीचा आग्रह होता. मामांना भाकरीबरोबर कच्चा कांदा लागत असे, हे मला त्यामुळेच ठाऊक आहे. मग दोन मिनिटे शांतता आणि शेवटी राष्ट्रगीत. भाषणाची गरज नसते. मात्र नाव मनातल्या मनात न घेता मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे, एवढे एकच मी सर्वांना आवर्जून सांगते.

२. स्मारकावर न जाता घरात केलेले स्मरण अपुरे नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला आणि त्यामागची हळहळ मला समजते. पण आपल्याकडे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण मुळात घराशी आणि गावाशीच बांधलेली आहे. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, आपण पाहतोच. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, तिच्या वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील अशी ग्वाही. ठाण्याहून घोडबंदरमार्गे फार दूर नसलेल्या बोरिवलीच्या एकसर गावात शिलाहारकालीन मानले जाणारे वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. समुद्रावर पडलेल्या माणसांनाही गावाने जमिनीवर जागा दिली होती.

घराच्या आत तर याहून जवळची गोष्ट आहे. अनेक घराण्यांच्या देवघरात घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, असतो. तो बहुधा लढाईत पडलेल्या एखाद्या पूर्वजाचा असतो, आणि काही भागांत धुळवडीला तो मिरवलाही जातो. ज्यांच्या देवघरात असा टाक आहे त्यांच्या घरी हे स्मरण पिढ्यान् पिढ्या चालतच आले आहे, फक्त त्या पूर्वजाचे नाव विसरले गेले आहे. नाव विसरले जाऊ नये, हीच आपली चिंता असली पाहिजे. जागेची चिंता त्यानंतरची.

३. यासाठी कोणता दिवस निवडावा?

घरातले कोणी गेले असेल तर त्या व्यक्तीचा स्वतःचा दिवस निवडावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. राष्ट्रीय दिवस त्यानंतर येतात : १९९९ च्या कारगिल युद्धासाठी २६ जुलै, १९७१ साठी १६ डिसेंबर, १९६२ च्या रेझांग ला येथील लढाईसाठी १८ नोव्हेंबर, ‘खुकरी’ या युद्धनौकेसाठी ९ डिसेंबर. सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो आणि तो १९४९ पासून पाळला जातो.

तिथीने करणाऱ्यांसाठी पंचांगातच सोय आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धाची तिथी मानली जाते. मृत्यूची तिथी ठाऊक नसलेल्या घरांना मी हीच सुचवते.

ठाणेकरांना २६ जुलै म्हटले की आधी २००५ चा पाऊस आठवतो. त्या पावसात घरातले कोणी गेले असेल तर एकाच पाटावर दोघांचे स्मरण करावे का, असे एका कुटुंबाने विचारले होते. करावे. फक्त दोन्ही नावे वेगवेगळी वाचावीत आणि मध्ये थोडे थांबावे.

४. आमच्या घराण्यातून कोणीच सैन्यात नव्हते. आम्ही कोणाचे नाव घ्यावे?

एकच नाव घ्यावे आणि त्या माणसाविषयी नीट वाचून मग घ्यावे. ‘सर्व वीर जवानांना’ असे म्हटले की डोळ्यांसमोर कोणीही उभे राहत नाही. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान पडले. हा आकडा घरातल्या लहानग्याला सांगून काही कळत नाही, त्यांतल्या एकाची गोष्ट मात्र कळते.

नवी मुंबईतल्या आणि रायगडाकडच्या कुटुंबांना मी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव सुचवते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज सारे मारले गेले किंवा जखमी झाले. तो एकटा त्या ठाण्यावर धावून गेला, ते त्याने मोडून काढले आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर किंवा चिता कुठेच नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे आणि पुतळा माणगावात आहे. पनवेलच्या पुढे गोवा रस्त्याने गावी जाणारी आपली कितीतरी माणसे त्या पुतळ्याच्या जवळून जातात.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झालेल्या त्या स्मारकाच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटेवर एकेकाचे नाव आहे. तिथे आपल्या तालुक्यातले, आपल्या आडनावाचे, किंवा आपल्या मुलाच्या वयाचे कोणी सापडते. निवड कशीही करा, पण पुढच्या वर्षी तेच नाव घ्या. वर्षागणिक ते नाव घरचे होत जाते.

५. पहाटे गॅलरीत किंवा दारात उभे राहून स्मरण करण्याची कल्पना कुठून आली? आपण तसे करावे का?

ही प्रथा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आहे. २५ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे सैनिक तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरले. त्या दिवसाला अँझॅक दिन म्हणतात आणि एरवी पहाटे स्मारकांपाशी लोक जमतात. २०२० मध्ये ते शक्य नसल्याने पहाटे सहाच्या सुमारास माणसे आपापल्या फाटकापाशी, अंगणाच्या तोंडाशी दिवा घेऊन उभी राहिली. त्याच गॅलिपोलीत हिंदुस्थानी पलटणी, तोफखाना आणि खेचरांच्या तुकड्याही होत्या, आणि आपला डोंगरी तोफखाना पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर उतरला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

आपल्याकडे हे करायला हरकत नाही, मात्र आपल्या इमारती पाहून करावे. २६ जुलैला ठाण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि बहुधा पाऊस असतो. गॅलरीतली पणती विझते, किंवा वाऱ्याने तिची ज्योत वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंतही जाते. दिवा आत ठेवून माणसांनी गॅलरीत उभे राहावे. चाळीत किंवा दाट वस्तीत, जिथे दार उघडले की समोरच्याचे दार हातभर अंतरावर असते, तिथे टाळेबंदीच्या काळात सर्वांनी एकदम बाहेर येणे योग्य नव्हते. खिडकीशी उभे राहणे पुरेसे होते.

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता लावलेल्या दिव्यांशी याची गल्लत करू नये. तो दिवा जिवंत माणसांना धीर देण्यासाठी होता.

६. शांतता दोनच मिनिटे का? आणि त्या वेळी मनात काय आणावे?

पहिले महायुद्ध थांबल्याला वर्ष झाले तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता, ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटांची शांतता पहिल्यांदा पाळली गेली. त्याआधी १९१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात दुपारी रोज असे थांबण्याची पद्धत सुरू झाली होती. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता, स्वातंत्र्यलढ्यात प्राण देणाऱ्यांसाठी, दोन मिनिटे स्तब्ध राहण्याचा सरकारी प्रघात आहे.

घरात दोन मिनिटे फार लांब वाटतात. कुकरची शिट्टी होते, खाली वॉचमन फाटक उघडतो, कोणाचा तरी फोन वाजतो. त्याने काही बिघडत नाही. पंखा आणि टीव्ही मात्र बंद करावा. मनात काय आणावे हे मी सांगू शकत नाही; लहान मुलांना मी एवढेच सांगते की ते नाव हळूहळू मनात म्हणत राहा.

७. बिगुलाचे ध्वनिमुद्रण लावावे का?

घरातल्या घरात, हळू आवाजात लावावे. सैन्याच्या मानवंदनेत शोक शस्त्राच्या, म्हणजे बंदुका उलट्या धरून शोक व्यक्त करण्याच्या, वेळी ‘लास्ट पोस्ट’ची धून वाजते आणि त्यानंतर शांतता पाळली जाते, तोच क्रम ठेवावा.

गच्चीवर भोंगा लावू नये, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी आम्ही सोसायटीत कोणालाही न विचारता सकाळी ती धून मोठ्याने लावली. समोरच्या विंगमध्ये रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका झोपली होती, ते एक. त्याहून वाईट म्हणजे, मुलाच्या अंत्यविधीत हीच धून ऐकलेली एक आई त्याच विंगमध्ये राहत होती, आणि तिच्या खिडक्या भराभर बंद होताना आम्हाला दिसल्या. मी संध्याकाळी फोन करून क्षमा मागितली. त्यांनी क्षमा केली, पण ती सकाळ त्यांच्या वाट्याला आमच्यामुळे आली होती. अशा कुटुंबाशी कसे वागावे याविषयी प्रश्न २० पाहावा.

८. फूलबाजार बंद असताना काय वाहावे? पणतीऐवजी मेणबत्ती चालेल का?

कुंडीतले काहीही चालते. तगर, जास्वंद, तुळशीची मंजिरी, कढीपत्त्याची डहाळीदेखील मी पाहिली आहे. पाश्चात्त्य देशांत कागदी पॉपीचे फूल लावतात. भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडूचे फूल वापरण्याची कल्पना अलीकडच्या वर्षांत पुढे आली आहे आणि आपल्या दाराच्या तोरणाशी ते नाते सहज जुळते. मुलांनी कागदाचा झेंडू केला तर तो खऱ्यापेक्षा कमी मानू नये.

मेणबत्ती चालते, विजेचा दिवाही चालतो. एक खबरदारी मात्र हवी : सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते आणि ते चटकन पेट घेते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच काडी ओढावी, आणि ती बाटली पाटाजवळ ठेवू नये.

९. घरावर तिरंगा लावता येतो का? अर्ध्यावर उतरवावा का?

लावता येतो. ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार नागरिकाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी घरी राष्ट्रध्वज फडकवता येतो. २०२० मध्ये तो सूर्योदयानंतर लावून सूर्यास्ताला उतरवणे बंधनकारक होते. जुलै २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर तो घरावर रात्रीही ठेवता येतो. यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजाला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

अर्ध्यावर उतरवण्याचा निर्णय सरकारचा असतो. आपल्या मनाने घरचा ध्वज अर्ध्यावर आणू नये.

पाटावर तिरंगा अंथरून त्यावर फोटो ठेवल्याची छायाचित्रे अनेकांनी प्रेमाने पाठवली आणि प्रत्येकाला मला ते काढायला सांगावे लागले. ध्वजाचा उपयोग अंथरण्यासाठी किंवा झाकण्यासाठी करता येत नाही. तो फोटोच्या मागे भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. फाटलेला किंवा मळलेला ध्वज लावू नये. तो एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा.

१०. अंत्यविधीत मिळालेला तिरंगा आणि पदके बाहेर काढावीत का?

शवपेटीवरचा ध्वज चितेत किंवा कबरीत जात नाही. तो उतरवून घडी करून कुटुंबाकडे दिला जातो. ती घडी बहुतेक घरांत ट्रंकेत असते. वर्षातून एकदा ती काढून, कोरड्या हातांनी हवा दाखवून, तशीच पाटाशेजारी ठेवणे हा मला सर्वांत सुंदर प्रकार वाटतो. पावसाळ्यात कापडाला बुरशी लागते, म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळी कागदात गुंडाळून ठेवावी.

नातलगांनी पदके लावायची असतील तर उजव्या बाजूला लावण्याची प्रथा आहे. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याची. पदकांना पितळेच्या भांड्यांसारखे पॉलिश करू नये.

११. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही.

कागदावर स्वच्छ अक्षरात नाव लिहून ठेवा. इंटरनेटवरून मिळालेला दुसऱ्या कोणाचा गणवेशातला फोटो कृपया वापरू नका. पत्र, मनीऑर्डरची पावती, ताम्हन, घड्याळ, जे काही त्यांच्या हाताचे असेल ते नावाशेजारी ठेवता येते.

१२. आमचे पणजोबा इंग्रजांच्या सैन्यात होते. त्यांना वीर म्हणून आठवणे योग्य आहे का?

कोकणातून आलेल्या ठाणेकरांचा हा प्रश्न अतिशय प्रामाणिक असतो आणि त्याला मी झटकून टाकत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढाया केल्या. कूत येथील वेढ्यात अडकलेले सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आले, आणि त्यात आपली माणसेही होती. त्यांतली पुष्कळ पुढे कैदेत गेली. ती पोटासाठी गेली होती, परंपरेने गेली होती, काही गावातल्या दबावाने गेली होती. ती कोणाच्या झेंड्याखाली लढली हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु त्यांच्या मागे जी घरे उजाड झाली ती आपली होती.

शिवाय त्यांच्यावर एक अन्याय झालेला आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांच्या बसरा स्मारकावर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या शिपायांची फक्त संख्या लिहिली गेली. कोकणात आणि देशावर काही गावांत एक छोटी शिळा आढळते, तिच्यावरही १९१४–१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले एवढेच लिहिलेले असते. गावाचे नाव आहे, आकडा आहे, माणूस नाही. म्हणून अशा घरांना मी म्हणते की तुमच्या पणजोबांचे नाव घेणारे जगात आता तुम्हीच आहात. मत काहीही असू द्या, नाव घ्या.

बोटीवर कामाला गेलेल्या खलाशांचेही असेच. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांचे स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे आणि त्यांत कोकण किनाऱ्यावरची माणसे आहेत.

१३. कार्यालये बंद असताना नोंद कुठे शोधायची?

आधी घरातली ट्रंक उघडावी. सेवा क्रमांक मिळाला की पुढचे सारे सोपे होते, आणि तो पेन्शनच्या कागदावर, जुन्या पत्राच्या पत्त्यात किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला असतो. दोन महायुद्धांतल्या मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी नावे तिथे इंग्रज कारकुनांच्या कानाने लिहिलेली असल्याने तीन-चार प्रकारे लिहून पाहावीत, आणि आडनावाऐवजी फक्त नाव व वडिलांचे नाव असू शकते हे लक्षात ठेवावे. स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी प्रश्न ४ मध्ये सांगितलेले संकेतस्थळ पाहावे. त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय (ठाण्याचे ठाण्यात, रायगडचे अलिबागला) आणि त्या पलटणीचे अभिलेख कार्यालय. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे.

आणि गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला फोन करावा. २०२० मध्ये ज्यांनी हे लांबणीवर टाकले त्यांतल्या काहींना पुढच्या वर्षी तो फोन करता आला नाही.

१४. ‘शहीद’ म्हणावे की ‘हुतात्मा’?

दोन्ही शब्द लोक प्रेमानेच वापरतात. सरकारी आणि लष्करी परिभाषेत ‘शहीद’ ही अधिकृत संज्ञा नाही. महाराष्ट्रात ‘हुतात्मा’ म्हटले की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले वीर आधी आठवतात. मी वाचताना ‘युद्धात पडले’ किंवा ‘वीरगती पावले’ असे म्हणते. कुटुंबाचा जो शब्द असेल तोच त्यांच्यासमोर वापरावा.

१५. नातलग वेगवेगळ्या गावी आहेत. व्हिडिओ कॉलवर एकत्र शांतता पाळता येईल का?

येईल, मात्र प्रत्येकाकडे आवाज एक-दोन सेकंद पुढे-मागे पोचतो, त्यामुळे एकत्र राष्ट्रगीत म्हटले की ते विस्कटते आणि मन खट्टू होते. सर्वांनी आवाज बंद ठेवावा, एकाच घरातून नाव वाचले जावे, राष्ट्रगीत आपापल्या घरी म्हणावे. वाचनाचा मान घरातल्या सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाला द्यावा. आमच्याकडे त्यावरून दरवर्षी चढाओढ असते.

१६. घरात सुतक आहे, किंवा कोणी विलगीकरणात आहे. तरीही करावे का?

शांतता पाळणे ही पूजा नाही, त्यामुळे सुतकात ती अडत नाही असे माझे मत आहे. दिवा आणि फूल याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांचे ऐकावे. विलगीकरणातल्या माणसाने बंद दारामागे उभे राहावे आणि नाव दाराबाहेरून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे. त्याला उभे राहवत नसेल तर पडून ऐकावे.

१७. हे सर्व हिंदू पद्धतीचे वाटते. आमच्या घरी दिवा-फूल करत नाहीत.

मग ते करू नये. नाव, गोष्ट आणि शांतता एवढाच गाभा आहे. मुंब्र्यातल्या एका घरी फातिहा वाचून हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव घेतले गेले. कळव्यातल्या एका घरी त्रिशरण-पंचशील म्हणून महार रेजिमेंटमधल्या आजोबांचे. दोन्ही घरांनी मला कळवले, म्हणून येथे लिहिले.

१८. आमचा मुलगा लढाईत नव्हे, हिमस्खलनात (किंवा अपघातात, किंवा आजाराने) गेला. त्याचे नाव या दिवशी घ्यावे का?

घ्यावे. युद्धातील मृत्यू आणि सेवेतील अन्य मृत्यू असे वर्गीकरण सरकारला निवृत्तिवेतनासाठी आणि नोंदींसाठी करावे लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनवर सोनम चौकीजवळ बर्फाखाली गाडल्या गेलेल्या दहा जवानांसमोर शत्रू नव्हता, पण ते तिथे कोणासाठी उभे होते हे आपण जाणतो. ज्यांच्या मुलाने सेवेत असताना स्वतःचे जीवन संपवले अशा एका वडिलांनी हाच प्रश्न फार संकोचाने विचारला होता. त्यांनाही माझे उत्तर हेच होते. कारण वाचून दाखवण्याची गरज नाही. नाव, गाव आणि सेवेची वर्षे वाचावीत.

१९. जो परत आलाच नाही, ज्याचा देह मिळाला नाही, त्याचे काय? आणि मुलाने शत्रूच्या सैनिकांविषयी विचारले तर?

दोन प्रश्न एकत्र ठेवले आहेत, कारण दोन्हीकडे कबर हा मुद्दा येतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यांच्या घरच्यांना समुद्राखेरीज जागा नाही. अशा घरी तारीख ठाऊक असते, म्हणून ती पाळावी. पण जो ‘बेपत्ता’ म्हणून नोंदला गेला त्याच्या घरात एखादी आई किंवा पत्नी अजून वाट पाहत असू शकते. तिने स्वतः ‘गेला’ हा शब्द उच्चारेपर्यंत फोटोला हार घालू नये आणि स्मरणाऐवजी त्याचा वाढदिवस पाळावा.

मुलाने विचारले तर खरे सांगावे. कारगिलच्या शिखरांवर पडलेल्या पाकिस्तानी सैनिकांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले, आणि टायगर हिलवर लढलेल्या त्यांच्या कॅप्टन कर्नल शेरखान (‘कर्नल’ हा त्यांच्या नावाचाच भाग, हुद्दा कॅप्टनचा) यांच्या शौर्याची लेखी दखल भारतीय अधिकाऱ्यानेच घेतली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे नीट समजते.

२०. आमच्या इमारतीत एक वीरमाता राहतात. त्यांच्यासाठी सोसायटीने काय करावे?

आधी विचारावे, आणि ते एकाच माणसाने, फोनवर, चार दिवस आधी विचारावे. सेक्रेटरींनी सर्वांच्या गटात जाहीर विचारणा केली तर त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांना बोलायचे आहे का, त्यांच्या मुलाचे नाव आम्ही घेतलेले चालेल का, फोटो काढलेले चालतील का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात. प्रश्न ७ मधली चूक आमच्या हातून हे न विचारल्यामुळेच झाली. टाळेबंदीत अशा घराची खरी गरज पुष्कळदा साधी असते : औषधे, दूध, बँकेतले पेन्शनचे काम, मोतीबिंदूची तपासणी लांबलेली असणे. आर्थिक मदत द्यायची असेल तर ध्वजदिन निधीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पावती घेऊन द्यावी. दारोदार किंवा फॉरवर्ड केलेल्या खाते क्रमांकावर देऊ नये.

आमच्या त्या शेजारणीने दुसऱ्या वर्षी स्वतःहून फोन केला. धून नको, म्हणाल्या, पण सकाळी साडेसहाला मी गॅलरीत उभी राहीन, तुम्ही तुमच्या गॅलरीत राहा. आम्ही राहिलो. त्यांनी मुलाचे नाव घेतले, ते मधल्या रस्त्यावरून आम्हाला नीट ऐकू आले, आणि मग आम्ही मामांचे नाव घेतले. अजूनही तसेच चालते.